तळ उघडून बघणारी टाकी-तपासणी: लोट्यातल्या आमच्या फर्नेस ऑइल टाकीचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या केमिकल कारखान्यात मी युटिलिटी सांभाळते. बॉयलर, डीजी (डिझेल जनरेटर), कूलिंग टॉवर आणि बॉयलरला फर्नेस ऑइल पुरवणारी ४० केएलची (४० हजार लिटरची) उभी टाकी हे सगळं माझ्याकडे. टाकी २००६ सालची. व्यास साडेतीन मीटर, उंची सव्वाचार मीटर, शेल (टाकीची उभी भिंत) आणि तळ दोन्ही ६ मिमी प्लेटचे. २०२४ च्या उन्हाळ्यात बॉयलरच्या वार्षिक तपासणीचं शटडाउन होतं, तेव्हाच ही टाकी रिकामी करून एका तपासणी एजन्सीकडून आतून-बाहेरून तपासून घेतली, तिचाच हा रिव्ह्यू. तपासणी अव्वल दर्जाची, रिपोर्ट मात्र उशिरा आणि किचकट. पाचपैकी चार तारे देतेय. आपल्या भागात अशी टाकी असलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ४० केएलच का, ते सांगते. पेट्रोलियम कायद्यात फर्नेस ऑइल 'क' वर्गात येतं आणि एका ठिकाणी ४५,००० लिटरपर्यंत 'क' वर्गाच्या साठ्याला परवाना लागत नाही. त्यामुळे लहान-मध्यम कारखाने नेमक्या याच मापात टाक्या बांधतात. परवाना नाही, म्हणजे नूतनीकरण नाही, परवाना देणाऱ्या नागपूरच्या पेसोशी पत्रव्यवहार नाही, आणि मग टाकी उघडून बघायला सांगणारंही कोणी नाही. ऑइल कंपन्यांच्या डेपोंना ओआयएसडी-१२९ या तेल उद्योगाच्या सुरक्षा मानकाप्रमाणे तपासणीचं वेळापत्रक पाळावं लागतं. आमच्यासारख्यांच्या टाक्या उभारल्या त्या दिवसापासून झाकलेल्याच असतात. ४० हजार लिटर काळं, चिकट ऑइल कमी नाही. माझ्या मते कागदावरच्या या सवलतीमुळेच आपल्यावरची जबाबदारी वाढते.

याआधी दुसऱ्या एका एजन्सीनं याच टाकीला 'फिट' असं प्रमाणपत्र दिलं होतं. त्यांचा माणूस अल्ट्रासॉनिक गेज घेऊन आला, उभ्या उभ्या हात पोचेल तिथे शेलवर आठ ठिकाणी जाडी घेतली, सगळीकडे साडेपाचच्या वर आकडा आला आणि दुपारच्या आत प्रमाणपत्र तयार. आकडे खोटे नव्हते. या वेळीही शेलचा सर्वांत खालचा कोर्स, म्हणजे प्लेटची खालची रांग, ५.६ ते ५.९ मिमी भरला. पण टाक्या शेलमधून क्वचितच गळतात. त्या गळतात तळातून, आणि तळ बाहेरून दिसत नाही. तो वरून ऑइलखाली साठणाऱ्या पाण्यानं आणि खालून पॅडमधल्या, म्हणजे टाकीखालच्या भरावातल्या, ओलीनं, असा दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. तळाला एक मिलिमीटरचं भोक पडलं तर ऑइल डाइकमध्ये, म्हणजे टाकीभोवतीच्या अडवणाऱ्या भिंतीच्या आत, येईलच असं नाही. ते सरळ खाली मातीत मुरतं, स्टॉकमध्ये रोजचा फरक डिपच्या (टेप सोडून पातळी मोजण्याच्या) चुकीइतका दिसतो आणि महिनोन्महिने कोणाला काही कळत नाही.

या एजन्सीचे इन्स्पेक्टर पहिल्या भेटीला आले तेव्हा बॅगेतून कुठलंही यंत्र काढलं नाही. टाकी शेवटची कधी उघडली, तळाखाली काय भरलंय, ड्रॉइंग आहे का, स्टीम कॉइल (ऑइल गरम ठेवणारी वाफेची नळी) कधी बदललं, आणि पावसात पाणी कुठे साठतं, एवढंच विचारलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या बॉयलर अटेंडंट काकांनी दिलं: "बॉयलर हाउसकडच्या कोपऱ्यात ऱ्हातं पाणी. डाइकचा उतार उलटा झालाय ना, चार-पाच वर्सं झाली." इन्स्पेक्टर तिथेच उकिडवे बसले. शेलच्या बाहेर तळाची प्लेट जी दोनेक इंच पुढे आलेली असते, तिला चाइम म्हणतात. त्या कडेवर रंगाचे थरावर थर होते, वरून सगळं ठीक दिसत होतं. त्यांनी पटाशी घातली, तर रंगासकट गंजाचे कांद्यासारखे पापुद्रे निघत गेले. शेवटी चकचकीत लोखंड दिसलं तेव्हा कड निम्मीही उरलेली नव्हती. ते म्हणाले, "मॅडम, इथे बाहेर एवढं आहे तर आत प्लेटखालीही असणार. टाकी उघडावी लागेल. न उघडता मी सही करणार नाही." याच वाक्यावर मी काम त्यांना दिलं.

टाकी साफ करणं त्यांच्या कोटेशनमध्ये नव्हतं. तसं कोटेशनमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, पण पहिल्या फोनवर हे ठळकपणे सांगायला हवं होतं, कारण साफसफाईचा खर्च तपासणीच्या फीपेक्षा जास्त आला. फर्नेस ऑइल म्हणजे डिझेल नव्हे. कॉइल चालू ठेवून गरम असेपर्यंत पंपानं ओढायचं, उरलेलं बॅरलमध्ये भरायचं, आणि तळाशी जो गाळ राहतो तो खरवडूनच काढावा लागतो. हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो नोंद करून, मॅनिफेस्ट भरून तळोज्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडेच पाठवायचा. भंगारवाल्याला किंवा वीटभट्टीला द्यायचा नाही. विचारायला येतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सुरक्षिततेत मात्र त्यांनी तडजोड केली नाही, आणि याचे गुण मी वेगळे देते. स्टीम लाइन, सक्शन आणि रिटर्न या तिन्हींवर फक्त व्हॉल्व्ह बंद करून भागलं नाही, फ्लँज सोडून ब्लाइंड (पाइप बंद करणाऱ्या चकत्या) टाकायला लावले. ब्लोअर रात्रभर चालवला. सकाळी त्यांनी स्वतःच्या मीटरनं वरती, मधे आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर ऑक्सिजन आणि ज्वलनशील वायू तपासले. आमच्या मीटरचं कॅलिब्रेशन स्टिकर बघितलं, तारीख उलटून गेलेली नव्हती तरी आपलाच मीटर वापरला. मॅनहोलवर एक माणूस कायम, त्याच्या हातात आतल्यांची नावं लिहिलेली पाटी. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा रीडिंग, मग प्रवेश. टाकीत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर वर्षी येतात, आणि त्यात बहुतेक वेळा पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. कंत्राटी मुलांच्या बाबतीतही तोच नियम पाळणारी एजन्सी मला हवी होती आणि तशी मिळाली.

आतलं काम दोन टप्प्यांत झालं. आधी एमएफएल स्कॅनर फिरवला. यात चुंबकीय क्षेत्र प्लेटमध्ये सोडतात आणि जिथे धातू कमी झालाय तिथून ते बाहेर झिरपतं. त्यामुळे खालच्या बाजूचे, डोळ्याला न दिसणारे खड्डेही सापडतात. मग सापडलेल्या प्रत्येक जागी अल्ट्रासॉनिक प्रोब लावून खरी जाडी मोजतात. नुसती अल्ट्रासॉनिक ठिपके-ठिपके पद्धत खड्डा हुकवू शकते, नुसतं एमएफएल नेमका आकडा देत नाही. शिवाय शेलला लागून असलेल्या पट्ट्यावर स्कॅनरची चाकं पोचत नाहीत, आणि आमचा संशय नेमका तिथेच होता. तिथे त्यांनी गुडघ्यावर बसून, जेल लावून, बोटभर अंतरावर एकेक रीडिंग घेतलं आणि प्लेटवर खडूनं आकडे लिहीत गेले. कॉइलच्या आधारांखालची जागा पहिल्या दिवशी राहिली होती. मी विचारल्यावर दुसऱ्या दिवशी हातानं चालवायचा छोटा स्कॅनर आणून तीही केली. हे न विचारता व्हायला हवं होतं.

तळाच्या मधल्या भागात ५.१ ते ५.६ मिमी मिळालं, ते चांगलंच म्हणायचं. बॉयलर हाउसकडच्या कडेला, जिथे काकांनी पाणी दाखवलं होतं, तिथे एका वीतभर पट्ट्यात ४.०, ३.४, २.९ आणि सर्वांत कमी २.७. वरून प्लेट गुळगुळीत, खड्डा सगळा खालच्या बाजूनं. खडूनं लिहिलेला २.७ चा फोटो मी आमच्या संचालकांना दाखवला आणि दुरुस्तीचं बजेट त्याच संध्याकाळी मंजूर झालं.

त्या आकड्याचा अर्थ इन्स्पेक्टरनी तिथेच मॅनहोलबाहेर बसून कागदावर मांडून दाखवला. १८ वर्षांत ३.३ मिमी गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ०.१८ मिमी. एपीआय ६५३ या टाकी-तपासणीच्या अमेरिकी मानकानुसार तळाखाली गळती कळण्याची सोय नसेल तर पुढच्या आतल्या तपासणीच्या दिवशीही तळ किमान २.५ मिमी, म्हणजे ०.१ इंच, उरलेला असायला हवा. २.७ मधून वर्षाला ०.१८ वजा केले की जेमतेम एक वर्ष हाती राहतं. वर त्यांनी हेही सांगितलं की ही सरासरीही फसवी आहे. डाइकचा उतार बिघडून चार-पाचच वर्षं झालीत, म्हणजे बरीचशी झीज त्या काळातली असणार आणि खरा वेग याच्या कितीतरी पट. दोन पावसाळे निघाले नसते. सगळ्या टाकीला एकच आकडा लावून 'उरलेलं आयुष्य अमुक वर्षं' असं छापणारे रिपोर्ट मी पाहिलेत. यांनी त्याच्या मागचं कारण शोधलं, आणि चौथा तारा त्याचाच आहे.

दुरुस्तीत थोडी खडाजंगी झाली. आमच्या नेहमीच्या फॅब्रिकेटरचं म्हणणं, वरून पट्टी मारून देतो, दोन दिवसांत मोकळे. इन्स्पेक्टरनी साफ नकार दिला. शेलच्या आतल्या कडेपासून ३ इंचांचा पट्टा एपीआय ६५३ मध्ये क्रिटिकल झोन मानतात. शेलचा भार आणि वाकण तिथेच येते, आणि तिथे साधं पॅच चालत नाही. शेवटी खराब भाग कापून नवी प्लेट बसवली, खालचा कुजका पॅड उकरून बिटुमिन मिसळलेल्या वाळूनं पुन्हा भरला, आणि चाइमच्या बाहेर सीलंट लावून पाणी आत शिरायची वाट बंद केली. खर्च आणि वेळ दोन्ही वाढले. फॅब्रिकेटर नाराज झाला, पण काम त्यानं सफाईदार केलं.

वेल्डिंगनंतरच्या चाचण्या बघायला मी स्वतः उभी राहिले. तळाच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फासून वर काचेची व्हॅक्यूम बॉक्स दाबून बसवतात आणि आतली हवा ओढतात. सांध्यात सुईच्या टोकाइतकं जरी भोक असेल तरी खालची हवा वर येते आणि काचेखाली बुडबुडा फुगतो. नव्या सांध्यात काही निघालं नाही. जुन्या, २००६ च्या सांध्यात मात्र एका ठिकाणी बारीक फेसाची रांग उठली. मूळ उभारणीतलंच भोक होतं ते, इतकी वर्षं गाळानं बुजलेलं. ते घासून, पुन्हा वेल्ड करून परत तपासलं. शेल आणि तळाच्या कोपऱ्यातल्या वेल्डला आतून हलकं ऑइल लावून रात्रभर ठेवलं आणि बाहेरून खडूची पांढरी पूड फासली. सकाळी पांढऱ्यावर डाग नव्हता.

त्यानंतर हायड्रोटेस्ट, म्हणजे टाकी पाण्यानं भरून चाचणी. मे महिन्यात लोट्यात ४० हजार लिटर पाणी या कामासाठी मागणं सोपं नव्हतं, आणि आमच्याच काही लोकांचं म्हणणं होतं की एवढ्याशा दुरुस्तीला पूर्ण टाकी कशाला भरायची. इन्स्पेक्टरनी उत्तरादाखल अमेरिकेतलं फ्लोरेफचं उदाहरण सांगितलं. मी नंतर ते शोधून वाचलं. २ जानेवारी १९८८ ला पेनसिल्व्हानियात अ‍ॅशलँड ऑइलची ४० लाख गॅलनची डिझेल टाकी पहिल्यांदाच जवळजवळ काठोकाठ भरत असताना उभी फाटली. चाळीसेक वर्षं जुनं लोखंड दुसऱ्या गावाहून सोडवून आणून पुन्हा जोडलेलं, प्लेटमध्ये वेल्डजवळ जुना दोष, वर कडाक्याची थंडी, आणि पूर्ण उंचीची पाण्याची चाचणी केलेलीच नव्हती. डिझेलची लाट डाइकवरून उसळून शेजारच्या पार्किंगमध्ये गेली, तिथल्या पावसाळी गटारात शिरली आणि मोनोंगहेला नदीत. खालच्या गावांतल्या सुमारे दहा लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर परिणाम झाला. एपीआय ६५३ ची पहिली आवृत्ती १९९१ ची, म्हणजे या घटनेनंतरची. आमची टाकी तिच्यापुढे चिमुकली आहे, पण ते पावसाळी गटार वाचून मी थांबले. आमच्याही डाइकच्या भिंतीपासून काही पावलांवर तेच आहे.

पाणी टप्प्याटप्प्यानं भरलं. प्रत्येक टप्प्याला टाकीच्या परिघावरच्या ठरावीक खुणांवर लेव्हल लावून टाकी कुठे खचतेय का ते मोजलं, आणि पूर्ण भरल्यावर २४ तास तशीच ठेवली. नवीन पॅडच्या बाजूला दोन मिमी बसली, बाकी स्थिर. ते मान्य मर्यादेत आहे. चाचणीचं पाणी ईटीपीतून (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेतून) सोडलं.

आता डाइकबद्दल. आमचं डाइक ६ बाय ६ मीटर, भिंत १.२ मीटर, म्हणजे ४३.२ केएल. टाकीपेक्षा मोठं, म्हणून आम्ही निश्चिंत. इन्स्पेक्टरनी विचारलं, "एका रात्रीत १०० मिमी पाऊस इथे पडतो का?" खेड तालुक्यात जुलैत हा प्रश्नच नाही. १०० मिमी पाऊस म्हणजे या डाइकमध्ये ३.६ केएल पाणी. उरली जागा ३९.६. त्या रात्री भरलेली टाकी फुटली तर ऑइल भिंतीवरून जाणार. म्हणजे पावसाळ्यात डाइक रोज रिकामं करायलाच हवं. पण ड्रेन व्हॉल्व्ह उघडा ठेवून नाही. आमच्याकडे पावसाळाभर तो अर्धा उघडा ठेवायची पद्धत होती, आणि बहुतेक कारखान्यांत हेच चालतं. आता व्हॉल्व्हला कुलूप आहे, किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे, आणि पाण्यावर तवंग आहे का ते बघून, ऑइल सेपरेटरमधूनच सोडायचं. भिंतीतून पाइप जिथे बाहेर येतो तिथली फटही त्यांनीच दाखवली. डाइकमध्ये वीतभर पाणी सोडलं तर बाहेरून तिथे ओल आली. तीही सिमेंटनं नव्हे, योग्य सीलनं बंद केली.

हे मी एवढं का सांगतेय? लोट्याच्या पठारावरून जे वाहतं ते पऱ्या-नाल्यांतून दाभोळच्या खाडीकडे जातं. खाडीतले भोई समाजाचे मच्छीमार कित्येक वर्षं प्रदूषणाविरुद्ध झगडतायत. त्यांच्या जाळ्याला आमचं ऑइल लागू नये असं मला मनापासून वाटतं. कोर्ट, दंड, एमपीसीबीची (प्रदूषण नियंत्रण मंडळाची) नोटीस हे सगळं त्याच्या नंतर येतं.

फ्लोट गेजची तपासणीही पॅकेजमध्ये होती. बाहेरच्या पट्टीवरचा काटा आणि डिप टेप यांत चार सेंटीमीटरचा फरक निघाला, म्हणजे साधारण ३८० लिटर. तार पुलीवर घासून अडकत होती. हाय लेव्हल स्विचचा फ्लोट हातानं उचलून अलार्म खरंच वाजतो का तेही पाहिलं. वाजला. इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या डेपोत डिसेंबर २००५ मध्ये गेज अडकलं आणि स्वतंत्र स्विचही चालला नाही, टाकी भरून वाहत राहिली आणि पुढे स्फोट झाला. त्यामुळे टँकर खाली करताना आता आम्ही काट्यावर विसंबत नाही, आधी आणि नंतर डिप घेतोच. व्हेंटच्या जाळीत कुंभारीण माशीनं मातीची घरं केली होती, ती काढली.

आता तक्रारी. रिपोर्ट महिनाभरात देतो म्हणाले होते, पावसाळा अर्धा सरल्यावर हातात पडला, तोही चार-पाच फोननंतर. संचालक मंडळाला आणि विमा कंपनीला कागद लागतो. तोंडी सांगितलेलं तिथे चालत नाही. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, तक्त्यांनी भरलेला. निष्कर्ष चोविसाव्या पानावर. तो पहिल्या पानावर हवा. फोटोंवर जागांचे क्रमांक आहेत हे मात्र चांगलं, कारण पुढच्या वेळी नेमक्या त्याच ठिकाणी मोजता येईल. मी आग्रह केल्यावर त्यांनी अटेंडंटसाठी मराठीत एक पानी महिन्याची तपासणी-यादी करून दिली: चाइमवर ओल, रंग फुगणं, डाइकमधलं पाणी, व्हॉल्व्हचं कुलूप, व्हेंट, अर्थिंगची पट्टी, फ्लँजवर घाम. काकांनी ती लॅमिनेट करून बॉयलर हाउसमध्ये लावलीय आणि दर महिन्याला सही करतात. हे पान त्यांनी प्रत्येक ग्राहकाला न मागता द्यावं.

पुढच्या तारखाही कारणासह दिल्यात. बाहेरची औपचारिक तपासणी पाच वर्षांनी. आतली मात्र सरसकट दहा वर्षांनी नाही. नव्या प्लेटजवळ आणि तिच्या शेजारच्या जुन्या भागात तीन वर्षांनी बाहेरून चाइम उघडी करून बघायचं आणि त्यावरून आतली तारीख ठरवायची.

बुकिंग करणार असाल तर दिवाळीनंतर लगेच करा. मार्च ते मे सगळ्यांचं शटडाउन असतं आणि यांच्याकडे एमएफएलचं युनिट एकच आहे. कोटेशन मागताना साफसफाई, गाळाची विल्हेवाट, हायड्रोटेस्टचं पाणी आणि दुरुस्तीनंतरची फेरतपासणी कोणाच्या खर्चात आहे ते लेखी घ्या, रिपोर्टची तारीख पीओमध्ये (खरेदी आदेशात) घाला आणि शेवटचं पेमेंट तिला बांधा. कॉइलखालची जागा तपासायची आहे हे पहिल्याच दिवशी सांगा.